बेगडेवाडीपासून ग्रंथालय किती दूर?
आरोग्यसेवक व समाजसेवक यांच्यासाठी ग्रंथसेवा : थोडी माहिती, थोडा विचार



पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने देहूरोड सोडले की पुढचे लहानसे स्थानक बेगडेवाडी. जवळच घोराडेश्वराचा डोंगर आणि त्याच्या कुशीतील शेलारवाडीची लेणी. गाडी येथे क्षणभरच थांबते. उतरणाऱ्यांत कारखान्यातील कामगार असतात, विद्यार्थी असतात. कधी त्यांत एखादी परिचारिका असते, कधी नोंदवही छातीशी धरलेली आशा कार्यकर्ती, तर कधी वस्तीतील दवाखान्याकडे निघालेली एखादी धर्मभगिनी. आजारी माणसाच्या घरी डॉक्टरांच्या आधी पुष्कळदा हीच माणसे पोहोचतात. त्यांच्या कामासाठी लागणारे ज्ञान त्यांना कोठून मिळते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तोच विचारणार आहोत.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका ग्रामीण दवाखान्यात गेलो होतो. भिंतीवर जुलाबावरील क्षारसंजीवनीचा तक्ता होता. कडा पिवळ्या पडलेल्या, तारीख पुसट झालेली. आमची नजर तिकडे गेलेली पाहून तेथील परिचारिका धर्मभगिनी म्हणाल्या, “फादर, तक्ता जुना आहे हे मला ठाऊक आहे. पण नवा कोठून आणायचा, आणि चार नवे मिळाले तर त्यांतला खरा कोणता, हे कोणाला विचारायचे?” सिस्टरांचा हा प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. आरोग्यसेवकांसाठी ग्रंथालय का हवे, याचे उत्तर त्या एका प्रश्नात सामावलेले आहे.

ज्ञानही शिळे होते

कविता किंवा इतिहास यांचे पुस्तक पन्नास वर्षांनीही वाचता येते. वैद्यकाचे तसे नाही. त्या पिवळ्या तक्त्याचेच उदाहरण घेऊ. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००२ साली क्षारसंजीवनीचे सूत्र बदलले. साखर व मीठ यांचे प्रमाण कमी करून द्रावणाची तीव्रता ३११ वरून २४५ वर आणली, कारण सौम्य द्रावणाने जुलाब व उलट्या कमी होतात आणि शिरेतून सलाईन देण्याची वेळ कमी बालकांवर येते, असे अभ्यासांतून दिसून आले होते. २००४ साली या दोन्ही संस्थांनी क्षारसंजीवनीबरोबर १० ते १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देण्याची शिफारस केली. जुन्या तक्त्यावर जस्ताचा उल्लेख असणारच नाही. तक्ता खोटे काही सांगत नसतो. तो बालकाला मिळायला हवे ते अर्धेच सांगत असतो.

क्षयरोगाचेही तसेच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी आठवड्यातून तीन दिवस औषध देत असत. २०१७ साली देशभर दररोज औषध देण्याची पद्धत सुरू झाली. २०१० साली छापलेली मार्गदर्शिका कपाटात राहिली आणि नव्याने रुजू झालेल्या सेवकाने तीच प्रमाण मानली, तर काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी.

मावळात भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाची भीती प्रत्येक घराला असते. जखम कापावी, रक्त चोखून काढावे, वर करकचून आवळावे, असे सल्ले जुन्या पुस्तकांत सापडतात. आज हे तिन्ही निषिद्ध आहेत. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे, हाच योग्य मार्ग होय. रुग्णालयात काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात. ते गोठले नाही तर विष रक्तात भिनल्याचे समजते. या चाचणीस महागडे यंत्र लागत नाही; ती ठाऊक असलेला सेवक मात्र लागतो. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केला आहे. असा आराखडा शेवटी उपकेंद्रातील एका टेबलावर योग्य पान योग्य वेळी उघडले जाण्यावरच अवलंबून असतो.

समाजसेवकांनाही हे लागू आहे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात ७ प्रकारचे अपंगत्व मान्य होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती संख्या २१ झाली. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिडहल्ल्याने आलेले व्यंग यांचा त्यात समावेश झाला. जुनी पुस्तिका वाचून एखाद्या आईला “तुमच्या मुलाला प्रमाणपत्र मिळणार नाही” असे सांगून परत पाठविले, तर सांगणाऱ्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी त्या मुलाचा हक्क बुडतो.

ग्रंथालय म्हणजे केवळ कपाट नव्हे

आपल्याकडे ग्रंथालय म्हटले की कुलूपबंद कपाटे डोळ्यांसमोर येतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाचवावा. आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. आरोग्यसेवेच्या दृष्टीने यांतील चौथे सूत्र सर्वांत मोलाचे वाटते. परिचारिकेचा वेळ वाचला तर तो रुग्णाच्या खाटेजवळ खर्च होतो.

हा विचार पाश्चात्य देशांत फार पुढे गेला आहे. अमेरिकेत जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ साली ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. तिच्याच परंपरेतील ‘पबमेड’ ही संगणकीय सूची १९९७ पासून जगात कोणालाही विनामूल्य खुली आहे, आणि तिच्यातील नोंदी आज साडेतीन कोटींहून अधिक आहेत. १९७१ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात गर्ट्रूड लॅम्ब यांनी ग्रंथपालांना डॉक्टरांबरोबर थेट रुग्णकक्षात फेरीला पाठविण्याचा प्रयोग केला. फेरीत जो प्रश्न अनुत्तरित राहील त्याचे उत्तर ग्रंथपालाने शोधून आणावयाचे, अशी ती रीत होती. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेची स्वतंत्र ग्रंथसेवा आहे आणि तिचा लाभ डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांनाही मिळतो.

अशी ग्रंथसेवा साधारणपणे पुढील कामे करते :

१. सेवकाने विचारलेल्या प्रश्नावर विश्वसनीय पुरावा शोधून देणे.
२. हवा असलेला लेख किंवा पुस्तकातील प्रकरण मिळवून देणे. स्वतःकडे नसल्यास दुसऱ्या ग्रंथालयातून मागविणे.
३. एखाद्या विषयात नवीन काय घडले हे ठराविक मुदतीने कळविणे.
४. स्वतः शोध कसा घ्यावा व मिळालेली माहिती कशी पारखावी हे शिकविणे.
५. कालबाह्य साहित्य वेळीच काढून टाकणे.

पहिल्या कामासाठी प्रश्न नीट मांडावा लागतो. “गरोदरपणातील रक्तक्षयाविषयी माहिती द्या” असे विचारले तर हजारो लेख समोर येतील. तोच प्रश्न चार भागांत मांडावा : रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी आणि परिणाम कोणता अपेक्षित आहे. मग तो असा होतो : “गरोदर मातेला लोहाची गोळी रोज देणे आणि आठवड्यातून एक-दोनदा देणे, यांत तिचा रक्तक्षय कशाने अधिक टळतो?” असा प्रश्न विचारणारा सेवक निम्मे उत्तर स्वतःच शोधीत असतो. आपल्या देशातील ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस रोज गोळी सांगितली आहे. ती रोज का, हे समजलेली आशाताई मातेला ते अधिक खात्रीने पटवून देऊ शकते.

सह्याद्रीच्या पलीकडची गोष्ट

खेड्यातील सेवकाला संशोधनाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत यावर फारसे काही नव्हते. डॉक्टरांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीरातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी ओळखले. त्यांची निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. पुढे उच्च रक्तदाबावरील ‘प्रॅझोसिन’ ही स्वस्त गोळी त्यांनी वापरली आणि तिचे निष्कर्षही १९८६ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा ३० च्या आसपास दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली शासनाने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

या घटनेतून दोन गोष्टी शिकाव्यात. एक म्हणजे, पुस्तकात उत्तर नाही हे कळण्यासाठीही पुस्तके पाहावी लागतात. दुसरी म्हणजे, एका आरोग्य केंद्रातील अनुभव छापून ग्रंथालयात पोहोचला, म्हणूनच तो इतर हजारो डॉक्टरांच्या उपयोगी पडला.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातील महिलांना नवजात बालकांच्या काळजीचे शिक्षण दिले. ३९ गावांतील या प्रयोगाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ पासून आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जाते, त्यामागे हे काम आहे. मावळातील कोणत्याही वाडीत बाळ पाहायला आलेली आशाताई अशा रीतीने एका छापील लेखाचे बोट धरून आलेली असते.

पुस्तके कोठे आहेत?

बेगडेवाडीहून लोकलने दुसरे स्थानक तळेगाव. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून ‘मायमर’ वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की ग्रंथालय आलेच. उलट दिशेने पुण्यास गेल्यास बैरामजी जीजीभॉय शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. समाजकार्याच्या अभ्यासकांसाठी पुण्यात १९६३ साली स्थापन झालेली कर्वे समाजसेवा संस्था आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून, तर धर्मभगिनींनी चालविलेले निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून कार्यरत आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेत योग व आरोग्य या विषयांवरील ग्रंथसंग्रह आहे. आरोग्यहक्कांच्या क्षेत्रात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने मराठीत उपयुक्त पुस्तिका काढल्या आहेत.

ही ग्रंथालये मुख्यतः तेथील विद्यार्थी व अध्यापक यांच्यासाठी असतात. तरीही संस्थेचे पत्र घेऊन गेल्यास बसून वाचण्याची परवानगी पुष्कळदा मिळू शकते. संकोच न करता ग्रंथपालांना भेटावे. चांगल्या ग्रंथपालाला वाचक आलेला पाहून आनंदच होतो.

मोबाईलवरही पुष्कळ काही विनामूल्य आहे. पबमेडमध्ये लेखांचे सारांश व अनेक पूर्ण लेख मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेची प्रकाशने खुली आहेत. एकाच प्रश्नावरील सर्व अभ्यास एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या परीक्षणांचे सोप्या भाषेतील सारांश कोणालाही वाचता येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ पासून सामान्य आजारांच्या उपचारांचे एका-एका पानाचे आराखडे प्रसिद्ध केले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना ते फार सोयीचे आहेत. मराठीत आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षण पुस्तिका आहेत. डॉ. श्याम अष्टेकर यांचे ‘भारतवैद्यक’ हे ग्रामीण आरोग्यसेवकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले पुस्तक आहे. मराठी विश्वकोशातील वैद्यकीय नोंदी संगणकावर वाचता येतात. महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णयही संकेतस्थळावर मराठीतच असतात. निवृत्तिवेतन, दिव्यांग साहाय्य, बालसंगोपन यांसाठी धावपळ करणाऱ्या समाजसेवकाने ते स्वतः वाचण्याची सवय लावून घ्यावी.

दाराबाहेर कोण राहते?

एवढे सारे असूनही एक मोठी उणीव आहे, आणि ती स्पष्टपणे मांडणे आम्हांला आवश्यक वाटते.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर करून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्च शिक्षण संस्था व केंद्रीय संशोधन संस्था यांना उपलब्ध करून देण्यात आली. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु उपकेंद्रातील परिचारिका, अंगणवाडी सेविका, स्वयंसेवी संस्थेतील समाजसेवक किंवा धर्मभगिनींचा दवाखाना या चौकटीत बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी २००२ साली ‘हिनारी’ नावाची अशीच योजना सुरू केली. तिच्यात भारताचा समावेश नाही. देश म्हणून आपण मोठे ठरतो आणि वाडीतील दवाखाना मात्र लहानच राहतो.

दुसरी उणीव भाषेची. नियमानुसार सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे लागते. तेथील सेविका मराठीत विचार करते, मराठीत समजावून सांगते. इंग्रजी संशोधनाचा सोपा, तपासलेला मराठी सारांश तिला नियमितपणे मिळत नाही. ही पोकळी रिकामी राहत नाही; व्हॉट्सॲपवरील निनावी संदेश ती भरून काढतात.

म्हणून कोणतेही साहित्य हाती आले की चार प्रश्न विचारावेत. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशाच्या आधारे लिहिले? आणि यातून कोणाची विक्री वाढणार आहे? यांतील एकाचेही उत्तर मिळत नसेल तर तो संदेश पुढे पाठवू नये.

आपला धर्मग्राम काय करू शकेल?

आपल्या समाजात आरोग्यसेवेची परंपरा जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूर येथे आल्या, धर्मभगिनी झाल्या आणि १९४३ साली त्यांनी कॅथलिक रुग्णालयांची अखिल भारतीय संघटना स्थापन केली. आज तिच्या सदस्यसंस्था ३,५०० हून अधिक आहेत. आपल्या अनेक कुटुंबांतील मुली परिचारिका आहेत. कित्येक परदेशीही आहेत. निवृत्त शिक्षक, ग्रंथपाल, संगणक जाणणारे तरुण आपल्यात आहेत. या सर्वांना एकत्र आणले तर फारसा खर्च न करता पुढील गोष्टी करता येतील :

* सभागृहात एक लहान आरोग्यकोपरा असावा. पुस्तके पंचवीसच असोत, पण प्रत्येकावर छपाईचे वर्ष ठळकपणे लिहिलेले असावे.
* वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरांकडून ती तपासून घ्यावीत. कालबाह्य पुस्तक दान म्हणून दुसरीकडे देऊ नये. ते रद्दीतच जावे.
* निवृत्त शिक्षक वा महाविद्यालयीन तरुणाने आठवड्यातून एक तास बसून परिसरातील आशाताई व परिचारिका यांचे प्रश्न नोंदवावेत, विश्वसनीय साहित्य शोधावे आणि त्याचा आशय मराठीत समजावून द्यावा. आशा वा परिचारिका कोणत्याही धर्माची असो, कोपरा सर्वांना खुला असावा.
* जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयास धर्मग्रामाने रीतसर पत्र देऊन, बाहेरच्या सेवकांना बसून वाचता येईल काय, अशी विनंती करावी.
* परदेशी असलेल्या परिचारिकांनी सुटीवर येताना आपल्या रुग्णालयातील अनुभव सांगावेत. पण तेथील नियम येथे जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही, हेही सांगावे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. प्रश्न विचारताना रुग्णाचे नाव, गाव वा छायाचित्र कधीही देऊ नये. कबुलीजबाबाचे गुपित आपण जसे पाळतो, तशीच रुग्णाची लाज राखणे हा सेवकाचा धर्म आहे. आणि पुस्तक वाचून कोणी डॉक्टर होऊ नये. आरोग्यकोपरा सेवकाला अधिक जाणते करण्यासाठी आहे, औषध लिहून देण्यासाठी नव्हे.

ज्या धर्मभगिनींनी आम्हांला तो प्रश्न विचारला, त्यांच्या भिंतीवर पुढे नवा तक्ता लागला. त्यावर खालच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हाताने वर्ष लिहिले होते आणि पुढे लहान अक्षरात : “दोन वर्षांनी पुन्हा तपासणे.” ग्रंथसेवा म्हणजे काय, हे आम्हांला त्या ओळीने जितके कळले तितके मोठ्या इमारती पाहून कळले नव्हते.

बेगडेवाडीहून तळेगाव दोन स्थानके आहे. त्या गाडीत बसणाऱ्या सेविकेला कोठे उतरायचे, कोणाला भेटायचे आणि काय विचारायचे, एवढे जरी आपण सांगू शकलो, तरी पुष्कळ काम होईल. येत्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील परिचारिका, आशाताई व समाजसेवक यांना थांबवून एकच प्रश्न विचारावा, अशी वाचकांना आमची विनंती आहे : “तुम्हांला कोणते पुस्तक हवे आहे?”